डोळ्याच्या नसेभोवती वाढलेले हाड : शस्त्रक्रिया आत्ताच करावी, की लक्ष ठेवून थांबावे?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून दहावीत शिकतो. मागच्या मे महिन्यात तो सायकलवरून पडला, कपाळाला खोक पडली आणि घरी आल्यावर दोनदा उलटी झाली, म्हणून डॉक्टरांनी डोक्याचा सीटी स्कॅन करायला सांगितला. माराचे काहीही निघाले नाही. मात्र अहवालाच्या शेवटी असे लिहिलेले होते की कवटीच्या तळाशी असलेल्या स्फेनॉइड नावाच्या हाडाची डावी बाजू फुगलेली आहे, आणि डाव्या डोळ्याची नस ज्या बोगद्यातून मेंदूकडे जाते तो बोगदा या हाडाने चहूबाजूंनी वेढलेला आहे. निदान फायब्रस डिसप्लेझियाचे झाले. ही गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही, हे आम्हाला दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. पहिल्या शल्यविशारदांचे म्हणणे असे की नसेला जागा उरलेली नाही, तेव्हा दृष्टी जाण्याची वाट न पाहता बोगदा मोकळा करून घ्यावा. दुसऱ्यांचे म्हणणे असे की मुलाला दोन्ही डोळ्यांनी ६/६ दिसते, रंग नीट ओळखता येतात, तेव्हा त्या हाडाला हातही लावू नये आणि दर सहा महिन्यांनी डोळे तपासत राहावे. दोघेही अनुभवी आहेत, दोघांनीही आम्हाला पुरेसा वेळ दिला, आणि दोघांच्याही बोलण्यात आम्हाला खोट दिसली नाही. आम्ही दोघे नवराबायको रोज रात्री या दोन सल्ल्यांच्या मध्ये कूस बदलत पडून असतो.

पूजेसाठी अंगणातली जास्वंद मी रोज सकाळी तोडते. ते फूल मुलासमोर धरून, त्याला एकेक डोळा झाकायला लावून, दोन्हीकडून सारखेच लाल दिसते का, असे मी विचारते. त्याला आता याचा कंटाळा आला आहे आणि 'हो' म्हणण्याआधी तो नीट पाहतो की नाही, याचीच मला शंका येते. नात्यातल्या एका वयस्कर बाईंनी, गरोदरपणी ग्रहणात मी काही चिरले होते का, असे विचारले. मी विज्ञान शिकलेली आहे, तरीही त्या रात्री पंचांग काढून बसले, हे येथे लिहायला मला लाज वाटत नाही.

या आजाराचा अनुभव असलेल्यांनी, किंवा त्यातले जाणणाऱ्यांनी, कृपया लिहावे.

नेत्रपल्लव

गोदाकाठ ताई, मी नेत्रविशारद असून तीस वर्षांच्या व्यवसायानंतर आता आठवड्यातून दोनच दिवस रुग्ण तपासतो. मुलाचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून अमुकच करा असे मी सांगणार नाही. पण दोन जाणत्या डॉक्टरांच्या मतांत एवढे अंतर कसे पडते, हे मात्र सांगता येईल.

आधी पंचांग मिटवून ठेवा. या आजाराला फायब्रस डिसप्लेझिया हे नाव लिखटेनस्टाइन यांनी १९३८ मध्ये दिले, पण त्याचे मूळ १९९१ मध्ये सापडले. गर्भ राहून गेल्यानंतर, तो अगदी मोजक्या पेशींचा असताना, त्यांपैकी एका पेशीतील जीएनएएस नावाच्या जनुकात आपोआप बदल होतो आणि त्या पेशीपासून पुढे जे जे अवयव बनतात त्यांत तो उतरतो. हा बदल आईकडूनही येत नाही आणि वडिलांकडूनही येत नाही. त्यामुळे धाकट्या भावंडाला तो होईल ही भीती नाही, आणि मुलाच्या पुढच्या पिढीत तो उतरण्याचीही भीती नाही. सूर्य-चंद्राचा आणि विळीचा येथे काही संबंध नाही.

आता हाडाविषयी. स्फेनॉइड हे हाड दोन्ही डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाच्या मधोमध, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे असते. त्याच्या लहान पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक बोगदा असतो, साधारण एक सेंटिमीटर लांबीचा आणि चार-पाच मिलिमीटर रुंदीचा. त्यातून डोळ्याची नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, जाते आणि तिच्या सोबतीने डोळ्याला रक्त पुरवणारी धमनीही जाते. फायब्रस डिसप्लेझियात हाड घडवणाऱ्या पेशी पक्व होतच नाहीत. त्या तंतुमय, कच्चे हाड रचत राहतात आणि ते जागच्या जागी फुगत जाते. चित्रात बोगदा चिंचोळा झालेला दिसतो तो यामुळे.

मतभेदाची जागा हीच आहे. चित्रात नस वेढलेली दिसणे आणि नस दुखावली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी आम्हीही असेच धरून चालत होतो की वेढा पडला म्हणजे आज ना उद्या दृष्टी जाणार, आणि त्या धास्तीने अनेक मुलांचे बोगदे आगाऊ फोडले गेले. २००२ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दाखवून दिले की बोगदा अरुंद झालेल्या बहुसंख्य रुग्णांची दृष्टी चांगली होती. हे हाड वर्षानुवर्षे, अतिशय सावकाश सरकत असते, आणि इतक्या सावकाश दाबाशी नस बहुधा जमवून घेते. म्हणूनच २०१९ मध्ये निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन जी मार्गदर्शक तत्त्वे लिहिली त्यांत, दृष्टी चांगली असताना केवळ खबरदारी म्हणून बोगदा फोडू नये, असे म्हटले आहे.

शस्त्रक्रियेत डोळा गमावण्याचा धोका असतो, हे पुष्कळांना कोणी सांगतच नाही. हे हाड रक्ताने भरलेले असते, ते कापताना भळाभळा रक्त येते. ड्रिलची उष्णता नसेपर्यंत पोहोचू नये म्हणून सतत पाणी सोडावे लागते. तेवढे करूनही शाबूत दृष्टी घेऊन आत गेलेला रुग्ण ती गमावून बाहेर येऊ शकतो. शिवाय वाढत्या वयात तेच हाड पुन्हा भरून येते.

पण थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. या चार गोष्टींची नोंद दर खेपेला झाली पाहिजे : अक्षरे वाचण्याची शक्ती, रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखण्याची इशिहारा चाचणी, दृष्टिक्षेत्राची म्हणजे फील्डची चाचणी, आणि डोळ्याच्या पडद्यावरील नसेच्या तंतूंची जाडी मोजणारी ओसीटी. यांच्याखेरीज एक साधी परीक्षा आहे जिला यंत्र लागत नाही. खोलीत अंधार करून बॅटरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आणि पुन्हा पहिल्यावर अशी झुलवायची. नस दुखावलेली असेल तर त्या डोळ्यावर उजेड येताच बाहुली आवळण्याऐवजी पसरते. रुग्णाच्या 'हो-नाही'वर ही परीक्षा अवलंबून नसते, म्हणून मला ती फार आवडते. तुमच्या जास्वंदीची परीक्षाही चुकीची नाही. आम्ही त्यासाठी दवाखान्यात औषधाच्या बाटलीचे लाल टोपण वापरतो. नस दुखावली की लाल रंग आधी फिका, विटकरी दिसू लागतो आणि अक्षरे मागाहून धूसर होतात. मात्र रोज नको, पंधरवड्यातून एकदा पुरे. मूल कंटाळले की उत्तरे निरुपयोगी होतात.

पिंपळपार

डॉक्टरांचा आदर राखून मी वेगळे मत मांडतो. माझ्या पुतण्याला हाच आजार होता. तो अठरा वर्षांचा असताना, दृष्टी पूर्ण चांगली असताना, त्याच्या उजव्या बाजूचा बोगदा नाकातून दुर्बीण घालून मोकळा करण्यात आला. या गोष्टीला सहा वर्षे झाली, त्याला आजही ६/६ दिसते आणि घरातले सगळे शांत झोपतात. शस्त्रक्रियेत दृष्टी जाण्याचा धोका आहे हे मान्य, पण न करताही ती जाण्याचा धोका आहेच. मग ज्या धोक्याचा दिवस आपण ठरवू शकतो, तो का पत्करू नये? गेलेली दृष्टी परत येत नाही. दर सहा महिन्यांनी डोळे तपासायचे आणि मधले सहा महिने श्वास रोखून काढायचे, हे सांगणे सोपे आहे. एखाद्या घराने दहा वर्षे तसे काढून दाखवावे.

नेत्रपल्लव

पिंपळपार, तुमच्या पुतण्याची दृष्टी शाबूत आहे याचा आनंद आहे. पण ती शस्त्रक्रियेमुळे शाबूत राहिली, की शस्त्रक्रिया होऊनही शाबूत राहिली, हे त्या एका उदाहरणावरून ठरवता येत नाही. न करताही त्याची दृष्टी टिकण्याचीच शक्यता जास्त होती. आणखी एक बाब वयाची आहे. डोक्यातल्या या गाठी बहुतांश लहानपणीच, शाळेत जाण्याच्या वयाच्या आतच, ठरून गेलेल्या असतात. पुढे त्यांची वाढ होते ती अंगाच्या वाढीबरोबर, आणि वयात येऊन उंची थांबली की बहुतेकांत तीही मंदावते किंवा थांबते. म्हणजे अठराव्या वर्षी तुमच्या पुतण्याचा जोखमीचा काळ तसाही सरत आला होता. गोदाकाठ ताईंचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, त्याची दोन-तीन वर्षे डोळ्यांत तेल घालून काढावी लागतील. दहा नाहीत.

तुम्ही मनाच्या ताणाचे जे लिहिले आहे ते मात्र खरे आहे आणि आम्ही डॉक्टर ते हिशेबात धरत नाही.

आडवाट

मी या धाग्यावर लिहावे की नाही याचा चार दिवस विचार करत होतो. माझी डाव्या डोळ्याची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी गेली. आता मी सत्तावीस वर्षांचा आहे.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात असताना डाव्या डोळ्यासमोर पातळ धूर असल्यासारखे वाटू लागले. जवळच्या एका दवाखान्यात चष्म्याचा नंबर दोनदा बदलून दिला गेला आणि नंतर डोळे कोरडे झाल्याचे सांगून थेंब देण्यात आले. यात जवळजवळ तीन महिने गेले. मला त्या वेळी ठाऊक नव्हते की नंबर बदलूनही दिसत नसेल तर एका काळ्या पट्टीवरच्या बारीक छिद्रातून अक्षरे वाचायला लावतात. छिद्रातून दृष्टी सुधारली तर दोष चष्म्याचा, सुधारली नाही तर कारण अन्यत्र शोधायचे. एका मिनिटाची ही परीक्षा आहे. ती माझी झाली नाही.

मग एका सकाळी उठलो तेव्हा खालचा अर्धा भाग काळा झालेला होता. मेसमध्ये उजवा डोळा झाकला की ताटातली पोळी दिसत होती, वाटी दिसत नव्हती. संध्याकाळपर्यंत फक्त उजेड-अंधार कळत होता. मोठ्या शहरात नेऊन त्याच रात्री एमआरआय झाला. स्फेनॉइडच्या फायब्रस डिसप्लेझियाच्या आतच रक्ताने भरलेली एक पोकळी, म्हणजे अन्युरिझमल बोन सिस्ट, तयार झाली होती आणि तिच्यात रक्तस्राव होऊन ती एकाएकी फुगली होती. चित्रात तिच्या आत आडव्या रेषा दिसत होत्या. वर पातळ द्रव आणि खाली साका, ताकाचे भांडे स्थिर ठेवल्यावर दिसते तसे. स्टिरॉइडचे मोठे डोस सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाकातून शस्त्रक्रिया झाली. पोकळी रिकामी झाली, गाठ आजतागायत पुन्हा आलेली नाही, पण दृष्टी इतकीच परतली की हात लांब करून धरलेली बोटे मोजता येतात.

म्हणून माझे म्हणणे दोघांच्याही मधले आहे. मला आगाऊ शस्त्रक्रिया हवी होती असे मी म्हणणार नाही, कारण माझे निदानच झालेले नव्हते. पण ज्याच्या डोक्यात अशी गाठ आहे हे माहीत आहे, त्याच्या दृष्टीत अचानक फरक पडला तर तो सहा महिन्यांच्या तारखेचा विषय नसतो. त्याच दिवशी, त्याच तासाला निघायचे. ताई, असे झाले तर कोणत्या रुग्णालयात जायचे, रात्री-बेरात्री कोणता शल्यविशारद उपलब्ध असतो आणि कोणाला फोन करायचा, हे आजच विचारून कागदावर लिहून ठेवा.

नेत्रपल्लव

आडवाट यांनी जे लिहिले त्यात मी एवढीच भर घालतो की या आजारात दृष्टी जाते तेव्हा पुष्कळदा ती हाडाच्या संथ वाढीने जात नाही, अशा अचानक घडणाऱ्या गोष्टीने जाते : रक्ताची पोकळी, हाडातला रक्तस्राव, किंवा सायनसचे तोंड बुजून आत श्लेष्मा साठल्याने फुगलेली पिशवी, जिला म्युकोसील म्हणतात. संथ वाढीसाठी आगाऊ बोगदा फोडला म्हणून ही संकटे टळतात असे नाही. दृष्टी खालावू लागली आहे हे चाचण्यांतून सिद्ध झाले, की मग मात्र शस्त्रक्रियेला विरोध करण्याचे कारण उरत नाही आणि ती लवकर व्हावी. अन्युरिझमल बोन सिस्ट बहुधा वयाच्या पहिल्या वीस वर्षांतच आढळते. ती स्वतंत्रपणेही होते आणि दुसऱ्या गाठीच्या पोटातही होते.

तरुण वयात कवटीच्या तळाशी येणाऱ्या आणखीही साध्या गाठी आहेत. त्यांतील ऑसिफायिंग फायब्रोमा चित्रात फायब्रस डिसप्लेझियासारखाच भासतो, पण त्याला स्वतःची ठळक कड असते, तो अधिक जोमाने वाढतो आणि तो पूर्ण काढावाच लागतो. म्हणून निदान पक्के असणे हा या सगळ्या चर्चेचा पाया आहे.

क्षकिरण

मी रेडिओलॉजीत काम करतो, म्हणून निदानाविषयी थोडे लिहितो. या आजारात केवळ एमआरआयवर विसंबू नये. तंतुमय हाड एमआरआयमध्ये फार फसवे दिसते. कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून टोचायचे चित्र उजळवणारे द्रव्य, दिल्यावर ते उजळते आणि मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, किंवा आणखी काही भयंकर असल्याचा संशय येतो. पातळ कापांचा सीटी पाहिला की बहुतेक वेळा शंका फिटते, कारण हाड आतून एकसारखे धूसर दिसते, न्हाणीघराच्या खिडकीला बसवतात त्या काचेसारखे. चित्र असे नमुनेदार असेल तर सुईने तुकडा काढण्याचीही गरज पडत नाही, आणि कवटीच्या तळाशी तो काढणे सोपेही नाही. एमआरआयचा उपयोग नसेची स्थिती आणि पोकळी पाहण्यासाठी होतो, तेव्हा दोन्ही तपासण्या एकमेकींच्या जागी वापरू नयेत.

एक कळकळीची विनंती. छापील फिल्म आणि दोन पानी अहवाल यांवर समाधान मानू नका, मूळ प्रतिमांची सीडी मागून घ्या आणि तिची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. तीन वर्षांनी हाड वाढले की नाही हे ठरवायचे असेल तेव्हा तुलनेला आजच्याच प्रतिमा लागणार आहेत. लोक फिल्म गादीखाली ठेवतात आणि सीडीवर ओरखडे पडतात, हे मी आठवड्यातून एकदा तरी पाहतो. तसेच लहान वयात वारंवार सीटी करू नये. डोळ्यांच्या चाचण्या स्थिर असतील तर दर खेपेला नवे चित्र मागण्याचे कारण नसते.

चेसापीक

मी मेरीलँडमध्ये राहते, मूळची सांगलीची. माझ्या मुलीला याच आजाराचे व्यापक रूप, मॅकक्यून-अल्ब्राइट सिंड्रोम आहे, आणि आमच्या घरापासून जवळच बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेत या आजाराचा दीर्घकाळ अभ्यास चालू असल्याने तिची तपासणी तेथे होते. मॅकक्यून आणि अल्ब्राइट या दोघांनी हे रूप १९३७ च्या सुमारास स्वतंत्रपणे वर्णिले. त्यात हाडांबरोबर त्वचेवर कॉफीच्या रंगाचे डाग असतात आणि निरनिराळ्या ग्रंथी बेताल होतात.

ताई, तुमच्या लिखाणात एक गोष्ट मला आढळली नाही, म्हणून विचारते. मुलाच्या संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची, तपासणी झाली आहे का? पिट्यूटरी ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन जास्त स्रवत असेल तर कवटीची हाडे अधिक वाढतात आणि दृष्टी जाण्याचा धोका ठळकपणे वाढतो; तो स्राव लवकर ओळखून आटोक्यात आणला तर धोका कमी होतो. माझ्या मुलीची उंची सातव्या वर्षी वर्गात सर्वांत जास्त होती आणि आम्ही सगळे कौतुक करत होतो. आयजीएफ-१ नावाची रक्ततपासणी झाली तेव्हा कारण कळले. थायरॉइड, फॉस्फेट आणि ड जीवनसत्त्व हेही तपासून घ्या. मुलाच्या पाठीवर, मानेवर किंवा कुल्ल्यावर तपकिरी डाग आहेत का तेही पाहा. त्यांची कड गुळगुळीत नसते, नकाशातल्या कोकण किनाऱ्यासारखी खाचाखोचांची असते, आणि ते बहुधा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतात.

पिंपळपार

औषधांनी ही गाठ विरघळते का? पुतण्याच्या वेळी कोणीतरी वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या औषधाचे नाव सांगितले होते.

नेत्रपल्लव

ते झोलेड्रॉनिक आम्ल असावे. त्या गटातील औषधांनी हाडाचे दुखणे कमी होते, पण गाठ लहान होत नाही आणि तिची वाढही थांबत नाही, म्हणून दृष्टी वाचवण्यासाठी ती देण्यात अर्थ नाही. डेनोसुमॅब नावाच्या दुसऱ्या औषधावर अभ्यास चालू आहेत. त्याने हाडाची खळबळ खरोखर मंदावते, परंतु ते बंद केल्यावर, विशेषतः मुलांमध्ये, रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उसळू शकते. अनुभवी चमूच्या देखरेखीबाहेर ते घेऊ नये. आणि कोणी रेडिएशन सुचवले तर ठाम नकार द्या. ही गाठ आपणहून कर्करोगात बदलणे फार विरळ असते, रेडिएशनने मात्र ती शक्यता वाढते.

गोदाकाठ

सर्वांचे आभार मानायला उशीर झाला, कारण मधले तीन आठवडे फार वाईट गेले.

चेसापीक ताईंच्या सांगण्यावरून रक्ताच्या तपासण्या केल्या. ग्रोथ हार्मोन आणि थायरॉइड ठीक आहेत, ड जीवनसत्त्व कमी निघाले, त्यासाठी पुड्या सुरू आहेत. पाठीवर, मानेवर डाग नाहीत. त्यानंतर पहिली फील्ड चाचणी झाली आणि तिच्या छापील कागदावर डाव्या डोळ्याच्या चौकटीत कडेला काळे डाग उमटले. तंत्रज्ञाने कागद माझ्या हातात दिला आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होते. ती रात्र कशी गेली हे लिहीत नाही. ह्यांनी पहिल्या शल्यविशारदांना फोन करून शस्त्रक्रियेची तारीखही विचारून ठेवली.

दुसऱ्या दिवशी नेत्रविशारदांनी तो कागद पाहिला आणि आधी कोपऱ्यातले बारीक आकडे दाखवले. मुलगा मधल्या दिव्यावर नजर स्थिर ठेवण्याऐवजी वारंवार इकडेतिकडे पाहत होता आणि उजेड नसतानाही बटण दाबत होता, असे यंत्रानेच नोंदवून ठेवले होते. त्यांनी अंधारात बॅटरी झुलवली, बाहुल्या सारख्या होत्या. ओसीटीत दोन्ही डोळ्यांच्या तंतूंची जाडी सारखी होती. आठ दिवसांनी, सकाळच्या वेळी, पोटभर नाश्ता करून, मध्ये विश्रांती देऊन चाचणी पुन्हा घेतली. काळे डाग गेले.

नेत्रपल्लव

पहिली फील्ड चाचणी ही बहुतेकांच्या बाबतीत शिकण्यात जाते. काळोख्या अर्धगोलात हनुवटी टेकवून, एका डोळ्यावर पट्टी बांधून, कधी उमटेल ते ठाऊक नसलेल्या ठिपक्यासाठी बटण दाबत बसणे पंधरा वर्षांच्या मुलाला कंटाळवाणे होणारच. निदान दोन चाचण्या जुळल्याशिवाय तिला आधार मानू नये, हे रुग्णाला कागद देण्यापूर्वी सांगायला हवे होते. आमच्या व्यवसायाची ही चूक आहे. दुसऱ्या चाचणीचा कागद जपून ठेवा. यापुढची प्रत्येक चाचणी त्याच्याशी ताडून पाहायची, आणि शक्यतो त्याच यंत्रावर करायची.

रानजाई

माझ्या बहिणीची एका डोळ्याची दृष्टी अशाच कारणाने गेली आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळते का, आणि त्याचा उपयोग होतो का? आडवाट यांना विचारावेसे वाटते.

आडवाट

प्रमाणपत्र मिळते. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर अर्ज करून नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणीला जावे लागते. परंतु दुसरा डोळा पूर्ण चांगला असेल तर एका डोळ्याची दृष्टी जाणे हे ३० टक्के धरले जाते, आणि दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. त्यामुळे कार्ड पाकिटात आहे, उपयोग फारसा झालेला नाही.

त्यापेक्षा उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या काचांचा साधा, बिननंबरी चष्मा. चांगला डोळा एकच उरल्यावर त्याला खडा, चेंडू किंवा वेल्डिंगची ठिणगी लागू देणे परवडणारे नसते, म्हणून तो मी घराबाहेर कायम लावतो. अंतराचा अंदाज चुकणे हे पहिले वर्षभर फार जाणवते. चहा ओतताना मी किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून मगच ओततो. कप आणि चोच यांच्यातले अंतर नुसत्या नजरेने कळत नसे आणि टेबलावर सांडत असे. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असे समजून रिकाम्या हवेत पाय टाकणे हेही पुष्कळ वेळा झाले आहे. बहिणीला सांगा, मान थोडी डोलवत पाहिले की जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींपासून सुटून दिसतात. हे मला कोणी शिकवले नाही, आपोआप जमत गेले.

पिंपळपार

गोदाकाठ ताई, पुतण्याशी काल बोललो. तो म्हणाला, 'काका, मला त्या वेळी कोणी विचारले असते तर मी थांबलो असतो.' त्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभर त्याला वास येत नव्हता, हे मी वरच्या प्रतिसादात लिहायचे विसरलो होतो. की सोडून दिले होते, कोण जाणे. माझे मत पूर्ण बदलले आहे असे नाही, पण हे येथे नोंदवलेले बरे.

गोदाकाठ

पिंपळपार दादा, आपण हे लिहिले याबद्दल मनापासून आभार.

सहा महिन्यांची तपासणी काल झाली. अक्षरे, रंग, बाहुल्या, फील्ड आणि ओसीटी, पाचही गोष्टी मागच्या नोंदींप्रमाणेच आहेत. पहिल्या शल्यविशारदांनाही सगळे कागद दाखवले. त्यांनी शांतपणे पाहिले, सध्या थांबण्यास हरकत नाही असे म्हणाले, मात्र दोन ओळी जरी कमी दिसल्या तरी मला कळवा, असेही बजावले. रात्री फोन करायच्या क्रमांकांचा कागद फ्रिजवर चिकटवला आहे, त्याची एक प्रत मुलाच्या दप्तरात आहे आणि एक ह्यांच्या पाकिटात. सीडीच्या दोन प्रती काढल्या.

जास्वंदीची परीक्षा आता दर दुसऱ्या रविवारी असते आणि ती मी घेत नाही. आज सकाळी तो स्वतःच अंगणात जाऊन एक डोळा झाकून उभा होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. मग त्याने दुसरा डोळा झाकला, आत आला, फ्रिजवरच्या कागदाखाली तारीख टाकून 'सारखे' असे लिहिले आणि पोहे झाले का म्हणून विचारले.